उरलेला हॅम दुसऱ्यांदा गरम करताना: माझ्या नोंदी

२५ डिसेंबर, रात्री साडेदहा

जेवणं झाली, सगळे आडवे झालेत, ओट्यावर हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, उरलाय. हाडासकट वजन केलं, २ किलो ३०० ग्रॅम. अर्धा भाग आधीच गोल गोल कापलेला आहे, स्पायरल कट म्हणतात तो, आणि हाडाच्या वरच्या बाजूला एक मोठा अख्खा तुकडा शिल्लक आहे.

या वेळेला नीट लिहून ठेवायचं ठरवलंय कारण गेल्या वर्षीचं डोळ्यासमोरून जात नाही. दुसऱ्या दिवशी गरम केलेला हॅम आजीला वाढला, तिने दोन घास खाल्ले आणि मग चावून चावून झालेला चोथा हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला, कुणाला दिसू नये म्हणून वर पावाचा तुकडा ठेवला. काही बोलली नाही. थंड हॅम तिला चालत नाही, दात ठणकतात, आणि गरम केला की तो वातड होतो. म्हणजे तिच्यासाठी गरमच हवा आणि मऊच हवा, हे एवढंच काम आहे, बाकी आम्ही सगळे थंडसुद्धा आवडीने खातो.

आज केलेलं: मांस हाडापासून सोडवलं, काप वेगळे आणि मोठा तुकडा वेगळा. ओव्हनमधून काढून दोन तास व्हायच्या आत सगळं फ्रिजमध्ये गेलं पाहिजे म्हणून घाई केली. काप एकमेकांवर घट्ट रचले आणि प्लॅस्टिक रॅप अंगाला चिकटेल असं गुंडाळलं, कारण फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि उघडा काप रात्रीतच कडेने सुकायला लागतो. ट्रेमध्ये खाली जो रस जमला होता तो फेकणार होते, ताई म्हणाली थांब, गाळून बरणीत भर. भरला. साधारण दीड वाटी.

२६ डिसेंबर, सकाळ

बरणी उघडली तर रसाची जेली झालीये, वर पांढऱ्या चरबीचा थर आणि खाली तपकिरी, चमचा घातला की थरथरते. हाडाजवळच्या आणि कातडीतल्या कोलॅजन नावाच्या चिवट प्रोटीनचं शिजताना जिलेटिन होतं, तेच थंडीत गोठलंय. चव घेतली, प्रचंड खारट पण हॅमचा सगळा अर्क त्यात आहे. चरबी काढून वेगळी ठेवली.

पहिली चाचणी मायक्रोवेव्हची कारण सकाळच्या घाईत सगळे तेच करतात. प्रत्येक वेळी १०० ग्रॅम काप, आधी वजन, नंतर वजन.

पहिली प्लेट मुद्दाम नेहमीसारखी केली, उघडी, फुल पॉवर, दीड मिनिट. कडा वर वळल्या, चरबीपाशी फटफट आवाज यायला लागला, बाहेर काढून बोट लावलं तर कडा चामड्यासारखी आणि मध्ये अजून गारच. थाळीत पाण्याचं छोटं तळं साचलेलं. वजन ८१ ग्रॅम. म्हणजे १९ ग्रॅम गेले, थोडे वाफ होऊन आणि बाकीचे त्या तळ्यात.

दुसरी प्लेट: काप एकमेकांवर किंचित चढवून गोलात मांडले, वर एक चमचा जेली, ओला करून पिळलेला किचन पेपर अंथरला, अर्ध्या पॉवरवर एक मिनिट, मग काप उलटे करून आतले बाहेर बाहेरचे आत, परत पाऊण मिनिट, आणि मग तसंच झाकलेलं दोन मिनिटं ठेवलं. वजन ९२. मधोमध थर्मामीटर लावला तर ६८ अंश सेल्सिअस दाखवला, म्हणून अजून वीस सेकंद दिले. फरक हातालाच कळतो, काप वाकतो, मोडत नाही.

मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही, कडेला आणि पातळ भागात जास्त, मध्ये कमी. अर्धी पॉवर म्हणजे बहुतेक मशीनमध्ये तो थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद असं करतो, त्या बंदच्या वेळात गरम जागेची उष्णता गार जागेत सरकते. शेवटची दोन मिनिटं झाकून ठेवणं त्याचसाठी, हे वाट बघणं म्हणजे स्वयंपाकाचाच भाग आहे, घाईत तेच गाळलं जातं.

२६ डिसेंबर, रात्री

आज नुसतं वाचलं आणि विचार केला. हॅम कोरडा का पडतो हे समजल्याशिवाय नुसत्या युक्त्या करण्यात अर्थ नाही.

मांसातलं पाणी स्नायूंच्या प्रोटीनच्या जाळ्यात अडकलेलं असतं. साधारण ५० अंशांच्या पुढे मायोसिन नावाचं प्रोटीन आकसायला लागतं, ६० च्या पुढे कोलॅजन आवळतं, आणि ६६ ते ७३ च्या आसपास ॲक्टिन नावाचं दुसरं प्रोटीन आकसतं, ते आकसलं की ओला टॉवेल पिळल्यासारखं पाणी बाहेर येतं. हॅम मिठाच्या पाण्यात मुरवलेला असतो, मिठामुळे प्रोटीन जास्त पाणी धरून ठेवतं, म्हणून हॅम साध्या भाजलेल्या पोर्कपेक्षा जास्त सहन करतो. पण हा हॅम आणला तेव्हाच शिजवलेला होता, मग काल ओव्हनमध्ये गरम झाला, आणि आता आपण तिसऱ्यांदा उष्णता देणार. प्रत्येक वेळी थोडं पिळलं जातंय.

एक गोष्ट मात्र हॅमच्या बाजूने आहे. साधं शिजवलेलं मांस दुसऱ्या दिवशी गरम केलं की त्याला एक शिळकट वास येतो, तो चरबी हवेतल्या ऑक्सिजनने खराब व्हायला लागल्याचा, आणि मांसातलं लोह त्याला हातभार लावतं. हॅम मुरवताना घातलेला नायट्राइट नावाचा क्षार त्या लोहाला बांधून ठेवतं, त्यामुळेच रंग गुलाबी राहतो आणि वासही लवकर बिघडत नाही. म्हणजे चवीची काळजी फार नाही, सगळी लढाई पाण्याची.

आता खरी अडचण. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेत पॅकबंद आलेला पूर्ण शिजवलेला हॅम पहिल्यांदा गरम करताना मध्यभाग ६० अंशांपर्यंत पुरे असं म्हटलंय, पण पॅक उघडून कापून हाताळलेला, उरलेला हॅम असेल तर ७४ अंश. आणि ७४ म्हणजे बरोबर ॲक्टिन पिळून झाल्यानंतरचा आकडा. मी म्हटलं आपण ६० वर थांबावं का, मऊ राहील, पण खाणारी माणूस आजी आहे, ऐंशी पार केलेली, तिच्या बाबतीत मी ही सवलत घेणार नाही. ७४ म्हणजे ७४. त्या अटीत राहून मऊ कसा ठेवायचा ते शोधायचंय.

२७ डिसेंबर, दुपार

ओव्हन. मोठ्या तुकड्यातून ३५० ग्रॅमचे दोन सारखे तुकडे काढले. ओव्हन १६५ अंशांवर. यापेक्षा कमी ठेवला तर आतला भाग धोक्याच्या तापमानात, म्हणजे ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात, फार वेळ रेंगाळतो, आणि जास्त ठेवला तर आत गरम होईपर्यंत बाहेरचा भाग वाळतो.

पहिला तुकडा भांड्यात ठेवून वर फॉइल नुसती टाकली, खाली अर्धा कप तयार पॅकेटचा स्टॉक, म्हणजे हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी. दुसरा तुकडा कापलेली बाजू खाली करून ठेवला, खाली दोन मोठे चमचे जेली आणि पाव कप साधं पाणी, फॉइलच्या कडा भांड्याच्या काठावर बोटांनी दाबून दाबून बंद केल्या, थर्मामीटरची वायर जाते तिथेही चिमटा घेतला.

मध्यभाग ७२ झाल्यावर बाहेर काढले, झाकण न उघडता दहा मिनिटं ठेवले, तेवढ्यात आकडा स्वतःच ७४ वर गेला. बाहेरची उष्णता आत सरकत राहते म्हणून. वेळ लागला साधारण ४० मिनिटं, फ्रिजमधून थेट गार ठेवल्यामुळे. पाककृतींमध्ये मोठ्या अख्ख्या हॅमसाठी अर्ध्या किलोला १० ते १५ मिनिटं असं लिहिलेलं असतं, त्या भरवशावर छोट्या तुकड्याला पंधरा मिनिटं दिली असती तर आत गारच राहिला असता, घड्याळापेक्षा थर्मामीटर बरा.

सैल फॉइलवाला: ३५० चा ३०० झाला. भांड्यातला स्टॉक आटून तळाला खारट चिकट थर, आणि पॅकेटच्या स्टॉकमध्ये आधीच मीठ, हॅममध्ये मीठ, पाणी उडून गेलं आणि मीठ राहिलं, बाहेरचा थर खाववेना.

घट्ट फॉइलवाला: ३५० चा ३२२. भांड्यात खाली रस होता, आटला नव्हता. चाकू घातला तर कापताना कडेला ओल दिसली. मुख्यतः फॉइलच्या कडा दाबण्याचा फरक आहे हा! वाफ आत अडकली की भांड्यातली हवा ओलसर राहते, मग पृष्ठभागावरून पाणी उडायला जागाच राहत नाही.

पक्कं लिहून ठेवते, हॅमला विकतचा स्टॉक नको. पाणी, किंवा स्वतःचीच जेली पाण्यात पातळ करून, किंवा गोडसर हवं असेल तर सफरचंदाचा रस.

२७ डिसेंबर, संध्याकाळ

ताईच्या मुलाला वरची गोड चकाकणारी साल हवी होती. साखर किंवा मध सुरुवातीपासून लावला तर गरम होईपर्यंत करपतो आणि झाकलं तर वाफेने वाहून जातो, म्हणून आधी झाकून गरम केला, शेवटी फॉइल काढून मध-मोहरी लावून ओव्हन २०० वर फक्त सात-आठ मिनिटं. चांगला झाला, पण तो वरचा थर आजीला चावत नाही, तिचा तुकडा मी आधीच बाजूला काढला होता. तिने खाल्ला. अर्धा. चोथा राहिला नाही पण "जरा घट्ट आहे गं" म्हणाली.

मग तोच काप मी हातात धरून खिडकीपाशी नीट बघितला. धागे लांबच लांब, माझ्या बोटाएवढे. मी तुकडा धाग्यांच्या दिशेनेच कापला होता. धाग्याला आडवं कापलं की प्रत्येक धागा काही मिलिमीटरचाच राहतो, दातांना तोडायचं काम उरत नाही. पाणी राखण्याच्या नादात सुरीची दिशा बघितलीच नाही.

२८ डिसेंबर, सकाळ

आजपासून सगळं आडवं कापून. काप ३ मिलिमीटरच्या आसपास. जाडीचा हिशोब महत्त्वाचा आहे, जाडी दुप्पट झाली की आत उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो, म्हणजे जाड काप आत ७४ होईपर्यंत बाहेरून कितीतरी वेळ जास्त तापत बसतो. पातळ काप पटकन होतो, पण तोच पातळ काप उघडा ठेवला तर पटकन वाळतोही. म्हणून पातळ आणि झाकलेला, दोन्ही एकदम हवं.

वाफेवर: चाळणीत काप पसरून चार मिनिटं. १०० चे ९०. मऊ झाले, वाफ थंड कापावर पाणी होऊन बसते आणि बसताना भरपूर उष्णता देते म्हणून झटपट गरम होतं. पण चव धुतली जाते, खाली पातेल्यातलं पाणी चाखलं तर सगळा हॅम तिथे. हॅम फारच खारट निघाला असेल तेव्हा ही पद्धत चांगली, आपल्याला नको.

पिशवीत: गरम पाण्याला चालणारी झिपची पिशवी, त्यात काप एका थरात, दोन चमचे पातळ केलेली जेली, पिशवी पाण्यात हळूहळू बुडवत हवा बाहेर काढली आणि झिप लावली. पातेल्यात पाणी ८० अंश, बारा मिनिटं. काप ९१ ग्रॅम, पिशवीत रस. यात काहीच उडत नाही, जे सुटतं ते पिशवीतच असतं. रस कापांवर ओतून खाल्ला तर आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. फक्त रोज थर्मामीटर घेऊन पातेल्याशी उभं राहणं आईला जमणार नाही, ती म्हणाली, "मला तव्यावरचं काहीतरी सांग."

तिचं ऐकून डोक्यात प्रकाश पडला. ७४ ला पाणी सुटणारच. वाफेवर, पिशवीत, घट्ट फॉइलमध्ये, सगळीकडे शंभरामागे ८ ते १० ग्रॅम सुटतातच, ते मी थांबवू शकत नाही. पण सुटलेलं पाणी कुठे जातं ते माझ्या हातात आहे. वाफ होऊन घरभर गेलं तर गेलं, ताटात आलं तर खाल्लं जातं.

२८ डिसेंबर, रात्री

पसरट पॅन, अर्धी जेली अर्धं पाणी, मिळून कापांच्या निम्म्या उंचीइतकं. आधी नुसतं हे उकळू दिलं, मग आच एकदम मंद, आडवे कापलेले पातळ काप त्यात एकेक सरकवले, लगेच झाकण. एक मिनिटाने उलटले. अजून दीड मिनिट. दोन काप एकावर एक ठेवून मध्ये थर्मामीटर घातला, ७६. काप काढून गरम थाळीत, वर झाकण. पॅनमधला रस मोठ्या आचेवर मिनिटभर आटवला, त्यात बरणीतली चरबी अर्धा चमचा (लोणीही चालेल) ढवळून घातली. जिलेटिनमुळे रस चमच्याला चिकटून सावकाश ओघळतो, पाण्यासारखा पळत नाही. म्हणून तो कापाला धरून राहतो, तोंडात गेल्यावर ओल जाणवते ती त्याचीच. फार आटवायचा नाही, खारट होतो, चाखत चाखत थांबायचं.

वजन केलं, काप ९०. म्हणजे आकड्यात हे पिशवीपेक्षा कमीच. आणि तरी खाताना जास्त रसरशीत. आकडा बघून मी ही पद्धत बाद केली असती तर मोठी चूक झाली असती, ताटातला रस वजनात धरायला हवा होता.

आजीने तीन काप खाल्ले. मग थाळी तिरकी करून राहिलेला रस भाताला लावून घेतला. काही बोलली नाही, पण पावाचा तुकडा कशावरही ठेवला नाही.

आईने पाहिलं आणि म्हणाली हे मला जमेल.

२९ डिसेंबर

उद्या पाचवा दिवस. कापलेला शिजवलेला हॅम फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवसच ठेवावा असं सांगतात, म्हणून राहिलेला आजच फ्रीजरमध्ये. आडवे काप करून १५०-१५० ग्रॅमची चार पाकिटं, प्रत्येकात दोन चमचे जेली, सपाट दाबून हवा काढून. एका पाकिटात एका वेळचं जेवण, कारण एकदा गरम केलेलं परत गार करून परत गरम करायचं नाही, प्रत्येक फेरीत पाणी जातं आणि प्रत्येक फेरीत तो धोक्याच्या पट्ट्यातूनही जातो. पाकिटावर तारीख लिहिली. एक-दोन महिन्यांत संपवायचे, हॅममधल्या मिठामुळे चरबी फ्रीजरमध्येसुद्धा साध्या मांसापेक्षा लवकर खवट होते.

काप करताना एकावर हिरवट-जांभळी इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली, पेट्रोल सांडल्यासारखी. आई फेकायला निघाली. ती खराबी नाही, आडव्या कापलेल्या धाग्यांच्या टोकांवर प्रकाश फुटून रंग दिसतात, काप तिरका केला की रंग हलतात. वास आंबट असेल किंवा हाताला बुळबुळीत लागत असेल तर मात्र विचार न करता टाकायचा. हा स्वच्छ होता.

हाड मोठ्या पातेल्यात घालून मंद आचेवर तीन तास ठेवलं, मीठ अजिबात घातलं नाही. त्याचं पाणी गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये. जेली संपली की हे वापरायचं.

१७ जानेवारी

पहिलं पाकीट. काल रात्री फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवलं होतं. सकाळी पाकिटात लालसर पाणी दिसलं, गोठताना बर्फाच्या कणांनी मांसाच्या पेशी थोड्या फाटतात, त्यातून सुटलेलं. ते ओतून द्यायचं नाही, थेट पॅनमध्ये घातलं, त्यात हाडाच्या पाण्याचे दोन तुकडे, उकळी येऊ दिली, मग मंद आच, काप, झाकण. अडीच मिनिटं.

ताज्यापेक्षा किंचित भुसभुशीत लागला, खरं सांगायचं तर २८ तारखेइतका चांगला नाही. पण वातड अजिबात नाही. पुढच्या वेळी पाकिटात जेली दोनऐवजी तीन चमचे घालून बघणार, आणि काप ३ ऐवजी ४ मिलिमीटर ठेवणार, गोठून आल्यावर फार पातळ काप उलटताना तुटतो.

आज केलं ते आईने. मी फक्त शेजारी उभी होते. तिने थर्मामीटर हातात घेतला, ७५ बघितला, आणि गॅस बंद केला. फ्रीजरमध्ये तीन पाकिटं आहेत.